गुरुवारची कणीक

बाबांच्या सामानात पखवाज काही केल्या बसेना.

तशी मी सामान भरण्यात पटाईत. नवऱ्याच्या बदल्यांनी मला तेवढं शिकवलंय. धोतरं, स्वेटर, कानटोपी, गोळ्यांचा डबा, चष्म्याचं घर आणि सगळ्यांत वर टॉवेलमध्ये गुंडाळलेला आईचा फोटो, इतकं सगळं दोन पिशव्यांत मावलं. पण मधल्या खोलीच्या कोपऱ्यात खोळ घालून ठेवलेला पखवाज ही काही पिशवीत कोंबायची वस्तू नव्हती. मी विचारलं, "हा न्यायचा का बाबा?"

ते बाजेवर पडून आढ्याकडे बघत होते. म्हणाले, "पाह्य. न्यायचा तं ने. नाई तं राहू दे."

आई गेल्यापासून बाबांकडे एवढंच उत्तर उरलं होतं. भाजी कोणती करू? पाह्य. अंघोळीला पाणी काढू का? पाह्य. ज्या माणसाने जन्मभर वरणातल्या मिठावरून भांडणं केली, त्याच्या तोंडून हे 'पाह्य' मला ऐकवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, आता पुरे, यांना खामगावला आपल्याकडे न्यायचं. मी तिथे शाळेत शिकवते, घर मोठं आहे, माणसांचा राबता आहे. तसं सांगितलं तेव्हा ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. डोणगावच्या बाजारातून मी दाराला नवं कुलूप आणलं. त्याचा तेलकट वास दिवसभर हाताला येत राहिला. शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघायचं होतं, आणि आज गुरुवार होता.

न्यायचा असो की नसो, निदान धूळ झटकावी म्हणून मी पखवाजाची खोळ काढली, आणि हात तिथेच थांबला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात. भजनाआधी तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापायचा, तेव्हा कुठे ती घुमायला लागते. भजन संपलं की तो गोळा तिथल्या तिथे काढायचा, नाहीतर कणीक वाळते, कातडं आवळतं आणि धूम कायमची जाते. आमच्या घरात हे पाढ्यांच्याही आधी शिकवलं जायचं. आणि इथे कणीक तशीच होती. वाळून दगड झालेली, करडी पडलेली, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा गेलेली. आई गेली त्या श्रावणातल्या गुरुवारी भजन ऐन रंगात असताना शेजारचा माणूस देवळात बोलवायला गेला. बाबा मांडीवरचा पखवाज तसाच खाली ठेवून उठले. ते घरी पोचेपर्यंत आईचं बोलणं थांबलं होतं. पुढे कुणीतरी पखवाज घरी आणून ठेवला, आणि चार महिने बाबांनी त्यावरची कणीक काढली नव्हती.

ती कणीक आईने मळलेली होती.

मी जमिनीवरच बसले. नाक जवळ नेलं. जुनाट, आंबूस, पिठूळ वास आला, आणि त्याच्या मागून कातड्याचा, कापराचा, देवळातल्या तेलाचा. माझ्या लहानपणाला कुठला वास असेल तर तो हाच.

गुरुवारची संध्याकाळ आमच्याकडे परातीपासून सुरू व्हायची. शेगावच्या महाराजांचा वार म्हणून आईचा उपास असायचा. दिवेलागणीच्या आधी ती हातपाय धुऊन, पदर खोचून चुलीपुढे बसायची आणि स्वयंपाकाच्या कणकेला हात लावण्याआधी ही कणीक मळायची. हिच्यात मीठ नाही, तेलाचं बोट नाही. मीठ घातलं की कणीक पाणी सोडते आणि धुमेवरून घसरते. पाणी ती धार धरून घालायची नाही, बोटं बुडवून शिंतडायची. मळून झालं की गोळा मुठीत घट्ट दाबायचा आणि मूठ उघडून बघायचं. बोटांच्या खुणा जशाच्या तशा राहिल्या तर झाली. खुणा भरून यायला लागल्या तर सैल. मी जवळ बसून माझ्या चिमुकल्या गोळ्यावर तेच करायची, आणि माझ्या खुणा हटकून भरून यायच्या. आई म्हणायची, "पान्याचा हात लय सैल हाय तुहा. सासरी नाव काढशील माह्यं." मी रुसायची, आणि मला रुसलेलं बघून तिला जास्तच हसू यायचं.

मग अंधार पडता पडता मारुतीच्या देवळातून टाळांची पहिली किणकिण यायची. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास गावभर असायचा आणि त्यातून ते टाळ यायचे. उन्हाळ्यात अंगणात सडा घातलेला असायचा, बाजा बाहेर टाकलेल्या असायच्या, आणि पडल्या पडल्या ऐकायला मिळायचं. बत्तीचा फसफस आवाज, पानसुपारी, बिडीचा धूर, कुणाच्या तरी सदऱ्याला लागलेला संत्र्याच्या सालीचा वास, हे सगळं मी बाबांना निरोप द्यायच्या निमित्ताने देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन घेऊन यायची. बायका काही भजनी मंडळात नसत. आई घरीच भाकरी थापत ऐकायची. धुमेच्या कणकेची पाळी घरोघर फिरायची. मधेच हात थांबवून ती म्हणायची, "आज शिंप्याच्या घरची कनिक कडक झाली वाटते." बाबा घरी आले की ती आधी तेच विचारायची, आणि ते खरं निघालं की स्वारी दुसऱ्या दिवसापर्यंत खुशीत असायची.

आमच्या या मंडळात यायला अर्ज नव्हता की वर्गणी नव्हती. 'मंडळात या' असं कुणी कुणाला म्हणायचंच नाही असा दंडक होता. तो घातला होता बळीरामकाकांनी. ते वीणेकरी, म्हणजे मंडळाचे सर्वेसर्वा. उंच, किडकिडीत, वीणा गळ्यात नसली तरी अंमळ वाकून चालणारे. त्यांचं म्हणणं असायचं, "बोलावलं का मानूस पाव्हना होते. अन् पाव्हना कवातरी घरी जातेच."

मग माणसं यायची कशी? तीच तर त्यांची खुबी होती. बळीरामकाका माणूस आधी हेरून ठेवायचे. बैलांमागे गुणगुणत जाणारा एखादा, बिडी ओढायला म्हणून देवळाच्या पारावर रेंगाळणारा एखादा, नाहीतर घरात दुःख झालेला आणि कुणाशी बोलेनासा झालेला. बुधवारी संध्याकाळी ते त्याच्या दारात उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, "उद्याची कनिक तुमच्या घरची बरं."

देवाच्या कामाला मूठभर कणीक कोण नाही म्हणणार? पण त्या मुठीत सगळी गोम होती. कणीक घरच्या कर्त्या पुरुषानेच आणायची. भजन संपल्यावर ती धुमेवरून निघाली की त्यानेच परत न्यायची आणि आपल्या गाईला घालायची. गाय नसली तर तुळशीपाशी ठेवायची. म्हणजे गडी आला की शेवटपर्यंत अडकला. रिकाम्या हाताने बसलं की ओशाळवाणं वाटतं, तेवढ्यात शेजारचा एक टाळजोडी त्याच्याकडे सरकवायचा. पुढच्या आठवड्यात बाबा विहिरीवर भेटले की सहज म्हणायचे, "तुह्या घरची कनिक लय झकास लागली होती बे." घरी जाऊन तो बायकोला सांगणार, बायको पुढच्या वेळी आणखी मन लावून मळणार. असे एकेक मासे गळाला लागायचे. किसनकाका भाजीवाले, रामभाऊ शिंपी, सगळे याच वाटेने आले. आणि मास्तर तर असे आले की मंडळात त्याची कथा झाली.

मास्तर जालन्याकडचे. आमच्या शाळेवर नवे आलेले, बिनलग्नाचे, ग्रामपंचायतीच्या मागे एका खोलीत राहणारे. आमचं मले-तुले ऐकून त्यांना हसू यायचं आणि ते मिशीखाली लपवायचे. बळीरामकाकांनी त्यांना हेरलं आणि बुधवारी नेहमीचा निरोप सांगितला. गुरुवारी मास्तर धुतलेला सदरा घालून, ताटलीवर रुमाल झाकून कणीक घेऊन हजर. बाबांनी बोलता बोलता ती धुमेवर थापली. एरवी ते दाबून बघत, पण शिक्षकाच्या घरची कणीक काय तपासायची, असं त्यांना वाटलं असेल. पहिला अभंग लागला, लय चढली, बाबांनी डाव्या हाताने जोराची थाप दिली, आणि कणीक भसाभस सुटून त्यांच्या मांडीवर, सतरंजीवर, शेजारच्या किसनकाकांच्या पानाच्या चंचीत जाऊन पडली.

ती ज्वारीची होती. मास्तर बिचारे रोज भाकरी करून खायचे. त्यांच्या घरात पीठ म्हणजे ज्वारीचंच, आणि कणीक मागितली म्हणजे ती गव्हाचीच लागते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कुठला! किसनकाका धुमेकडे बघून म्हणाले, "मास्तर, आता ठेचा आना, इथंच बसून खाऊ." देऊळ हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत.

आता मंडळाचा दुसरा दंडक सांगायला हवा. ओळीने दोन-तीन गुरुवार कुणी दिसला नाही, तर त्याला विचारायचं नाही. का आला नाहीस, काय बिनसलं, एक शब्द नाही. सगळ्या मंडळाने उठून त्याच्या दारात जायचं, अंगणात बसायचं आणि भजन सुरू करायचं. दार वाजवायचं नाही. हाक मारायची नाही. बाहेर येईल तर येईल, नाही आला तर आरती करून उठायचं आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तिथेच. याला दारचं भजन म्हणत. किसनकाका एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाशी भांडले आणि भाऊ मंडळात आहे म्हणून मी येणार नाही म्हणून बसले. मंडळ दारात येताच त्यांनी खिडकी लावून घेतली. मग काकूच आतून कणकेचा गोळा घेऊन बाहेर आल्या आणि तो कुणाला दिला तर त्याच चुलतभावाच्या हातात. किसनकाका झक्कत बाहेर आले.

तर मंडळ मास्तरांच्या खोलीपुढे जाऊन बसलं. त्या दिवशी निघताना आईने बाबांच्या हातात वाटीखाली झाकलेला गव्हाच्या कणकेचा गोळा दिला आणि म्हणाली, "हे मास्तरची म्हना. त्यायच्या घरात कोन हाय मळाले?" बाबांनी तसंच केलं. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा पखवाजावर कणीक लागलेली होती, आणि बळीरामकाका त्यांना म्हणाले, "आजची कनिक तुमच्याच घरची हाये मास्तर. शेवटी घेऊन जा." मास्तर खाली बसले. ते पुढे बदली नाकारत राहिले, इथेच लग्न करून इथलेच झाले, आणि आता मले-तुले म्हणताना आमच्यापेक्षा जास्त ठसका देतात.

वाटीखालचा तो गोळा मी पुढे कितीतरी गुरुवारी बघितला. पाळी कुणाचीही असो, आई एक गोळा जादा मळून ठेवायची. कुणाकडे गहू संपलेले असायचे, कुणाच्या घरात बाळंतीण असायची, कुणाची बायको माहेरी गेलेली. असा माणूस दिवेलागणीला आमच्या मागच्या दाराशी येऊन नुसता खाकरायचा. आई काही न विचारता वाटी उचलायची. तो देवळात जाऊन ती कणीक आपल्या घरची म्हणून द्यायचा, आणि बाबा ती धुमेवर थापताना ओळखायचे, पण एक अक्षर बोलायचे नाहीत. इतकी माणसं त्या मंडळात इतकी वर्षं टिकली. बळीरामकाकांचं नाव झालं. आईचं कुणी घेतलं नाही, आणि तिने घेऊही दिलं नसतं.

मग ती माणसं एकेक करून कमी झाली. कशी, ते मला नेमकं सांगता येणार नाही, मी तेव्हा इथे नव्हते. दर खेपेला आले की सतरंजी थोडी आखूड अंथरलेली दिसायची. बळीरामकाका गेले, त्यांची वीणा देवळात खुंटीला राहिली. पोरं पुण्याला, नाशिकला, संभाजीनगरला कंपन्यांत गेली. पाळ्या लवकर लवकर येऊ लागल्या. शेवटी उरले चौघे, मास्तर, रामभाऊ, किसनकाका आणि बाबा. श्रावणानंतर तिघेच. आणि तिघांत पखवाज कुणालाच येत नाही.

मी खोळ तशीच ठेवून उठले. पिठाचा डबा शेजारी द्यायचा म्हणून बाहेर काढून ठेवला, चूल सारवली, दिवा लावला. बाबा कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या.

खिडकीतून बघितलं तर तिघेही. मास्तर काठी टेकत, रामभाऊ कमरेवर हात ठेवत, किसनकाका बगलेत सतरंजीची गुंडाळी घेऊन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण राम राम केला नाही. दारच्या भजनात बोलायचं नसतं. सतरंजी अंथरली, बसायला तिघांना चांगला वेळ लागला, रामभाऊंनी गुडघा हाताने उचलून नीट ठेवला. मग टाळ वाजले, आणि मास्तरांनी अभंग धरला तो सुरुवातीपासून नाही, मधूनच. मला क्षणभर कळलं नाही. मग अंगावर काटा आला. श्रावणात जिथे तो अर्धा राहिला होता, तिथूनच त्यांनी तो उचलला होता.

मी बाबांकडे बघितलं. ते हलले नाहीत. फक्त पाठीवरून कळत होतं की ते ऐकत होते.

खरं सांगते, मला आधी रागच आला. उद्या सकाळची गाडी, मोठ्या कष्टाने जमवून आणलेलं जाणं, आणि यांना हा आजच मुहूर्त सापडला! यांच्याजवळ आहे काय, तीन म्हातारे आणि तीन टाळजोड्या. बाबांना रात्रीबेरात्री काही झालं तर यांच्यातला कोण धावणार? अभंग संपला तसे मास्तर काठीला धरून उठले आणि दाराशी आले. आत बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, कनिक हाय का मूठभर? आज या घरची पाळी हाय."

मी म्हटलं, "मास्तर, उद्या आम्ही निघालोय. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय ना बाई. म्हनून तं आलो. दुःखाचं घर म्हनून इतके दिवस थांबलो होतो. त्यायले अडवाले नाई आलो. पन मंडळातला मानूस असा न सांगता जाऊन राह्यला, तं दारात येनं आमचं काम हाये. मी नवतो आलो, तवा तुमचे बाबा आले होते. कनिक तुमच्या मायची होती. मले तवाच समजलं होतं."

ते जाऊन पुन्हा आपल्या जागी बसले. मी दारात उभी राहिले. मग आत जाऊन बाहेर काढून ठेवलेला डबा उघडला.

आपल्या हाताने आपलाच बेत मोडतोय, हे कळत होतं. तरी मी परात घेतली. मीठ नाही, तेल नाही. बोटं बुडवून पाणी शिंतडलं, एकदा, दोनदा, आणि तेवढ्यात डोळे भरून आले नि तिसऱ्यांदा जरा जास्तच पडलं. बाहेर दुसरा अभंग सुरू झाला होता. पखवाजाशिवाय तो अगदी पोकळ वाटत होता. मी गोळा ताटलीत घेतला आणि बाबांच्या उशाशी नेऊन ठेवला. शेजारी पखवाज ठेवला, वाळलेल्या कणकेची बाजू वर करून.

बऱ्याच वेळाने त्यांनी कूस बदलली. पखवाजाकडे बघितलं नाही. हात लांब करून गोळा उचलला, मुठीत दाबला आणि मूठ उघडली. बोटांच्या खुणा हळूहळू भरून येत होत्या.

"सैल झाली," बाबा म्हणाले.

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कशाला तरी नाव ठेवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी लहानपणीसारखं तोंड फुगवून म्हटलं, "मग काय करू?"

"पीठ आन चिमूटभर. अन् वाटीत पानी. अन् फडकं आन एखादं, मऊ पाहून."

पीठ त्यांनी गोळ्यात मुरवलं. फडकं ओलं करून धुमेवर ठेवलं आणि हात त्यावर दाबून बसून राहिले. अशी वाळलेली कणीक ओढून काढता येत नाही, ती आपणहून सुटायची वाट बघावी लागते. बाहेर टाळ वाजत होते. त्यांनी पुन्हा फडकं भिजवलं, पुन्हा ठेवलं. त्यांचे ओठ हलत होते, ते अभंग म्हणत होते की आईशी बोलत होते ते मी विचारलं नाही. शेवटी करडी कड मऊ पडली. अंगठ्याने एकेक तुकडा त्यांनी हलक्या हाताने सोडवला, झोपलेल्या बाळाच्या अंगावरून पांघरूण काढतात तसा. सगळे तुकडे ओंजळीत घेतले, उठले, अनवाणीच दाराबाहेर गेले आणि ती कणीक आईच्या तुळशीपाशी ठेवली. तिथे ते जरा वेळ वाकून उभे राहिले. मी मागे उभी होते, आणि मला रडू आवरलं नाही.

तिघे गायचे थांबले नाहीत. नुसते थोडे थोडे सरकले आणि सतरंजीवर एका माणसाची जागा झाली.

मी पखवाज नेऊन दिला. बाबांनी नवा गोळा थापला, बोटांनी कडा बसवल्या. पहिली थाप अगदीच मिटलेली आली. कातडं आवळलं होतं, त्याला कोण काय करणार. दुसरीही तशीच. मग त्यांनी हात जरा खाली घेतला, कुठेतरी कातड्याची मऊ जागा सापडली, आणि धूम घुमली. पूर्वीसारखी नाही, बसल्या गळ्याची, पण घुमली. किसनकाकांनी टाळ वाजवता वाजवता खांद्याला डोळे पुसले.

आरती झाल्यावर मी चहा केला. दारचं भजन जिंकलं की चहा घ्यायचा असतो. कपबशांचे आवाज झाले, थंडीवर, हरभऱ्यावर बोलणं झालं, उद्याच्या गाडीचं नाव कुणी काढलं नाही. जाताना मास्तर माझ्याजवळ थांबले आणि आपली टाळजोडी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आज कनिक तुम्ही मळली बाई. तुम्हीच दिली." एवढं बोलून ते काठी टेकत गेले. घरात येऊन बघते तर टाळजोडी माझ्या हातातच राहिलेली.

बाबा बाजेवर बसून धुमेवरची कणीक काढत होते. ओली होती, एका खेपेत निघाली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा गुरुवार किसनाच्या घरचा हाये. त्याच्या मांगून रामभाऊचा, मंग मास्तरचा. अन् मंग आपली पाळी."

मी टाळजोडी खाली ठेवली.

"तवा येजो तू खामगावहून," ते म्हणाले. "अन् पानी कमी घालजो. तुही माय एवढं पानी नसे घालत."

मी 'हाव' म्हटलं, आणि पिशवीतून आईचा फोटो काढून परत खिळ्याला लावला.